चालताना थोरल्याकडं, ब्रेकला धाकट्याकडं

गाडी दिसायच्या बऱ्याच आधी तिचा आवाज आला. ‘उंऽऽ’ असा एकसुरी, घुमणारा. विहिरीत पडलेला भुंगा वर यायची आशा सोडून नुसताच गात बसावा, तसा. मी तोंडाला दाढीचा साबण फासून ओसरीवर बसलो होतो. शालन तुळशीला पाणी घालत होती. तिनं तांब्या अर्ध्यावरच थांबवला.

“आमची गाडी आली,” ती म्हणाली.

मी म्हटलं, गडहिंग्लजात कमी का पिकअप आहेत? उद्या नागपंचमी, आज रस्त्याला निम्म्या गाड्या माहेरवाशिणींच्याच असणार.

“डांबरावर अशी रडत येणारी एकच हाय,” असं म्हणून तिनं तांब्या तिथंच ठेवला आणि पदर सारखा करत बाहेर धावली.

गाडी दाराशी येऊन थांबली. थांबली म्हणजे काय, तर आधी सरळ येता येता डावीकडं गटाराच्या अंगाला सरकली. मग ब्रेक लागला तशी उजवीकडं हिसका खाऊन समोरच्या पेंडसे मास्तरांच्या फाटकाकडं तोंड करून उभी राहिली. पेंडसे मास्तर फाटकात उभे होते. ते घरात गेले.

गाडीची दोन्ही दारं एकदम उघडली. एका दारातून माझे थोरले मेहुणे केरबा उतरले, दुसऱ्यातून धाकटे सर्जेराव. दोघांच्या डोक्याला टोपी, दोघांच्या हातात नारळ, दोघांच्या काखेत छत्री. पुढून येताना दोघंही एकमेकांना अशा रीतीनं चुकवून आले, की मधे एखादा अदृश्य रेडा उभा असावा.

सासुरवाशिणीला पंचमीसाठी माहेरी न्यायला जो भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. एका बहिणीला एका वेळी एक मुराळी पुरतो, अशी आजवरची रीत. आमच्या दारात दोन उभे होते.

“दाजी,” केरबा मला म्हणाले, “त्यांस्नी सांगा, नारळ आदी थोरल्याचा घ्यायचा असतो.”

“दाजी,” सर्जेराव म्हणाले, “त्यांस्नी सांगा, आम्ही काय नारळाची शर्यत लावायला आलो न्हाई.”

मी तालुका कचेरीत नोकरीला होतो. दोन पक्षांचं म्हणणं इकडून तिकडं पोचवत राहायचं आणि काहीही घडू द्यायचं नाही, याचा मला चांगला सराव होता. मी दोन्ही नारळ दोन हातांत एकदम घेतले. साबण वाळून तोंड आवळलं होतं, त्यामुळं हसू आपोआपच आवरलं गेलं.

शालन या दोघांच्या मधली. केरबांची धाकटी, सर्जेरावांची थोरली. आणि तीन पंचम्या ती माहेरी गेली नव्हती.

कारण वाटणी. आई गेल्यावर वर्षाच्या आत चौगल्यांच्या घरात वाटणी झाली आणि ती मोठ्या प्रामाणिकपणानं झाली. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, अंगण मधोमध भिंत घालून वाटलं. डोंगरावरची काजू थोरल्याला आली, गावाजवळचं शेत आणि म्हशी धाकट्याला. चिंचेचं झाडसुद्धा वाटलं: बुंधा केरबांच्या हद्दीत, मोठी फांदी सर्जेरावांच्या. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. माहेरी जायचं तर शालननं आधी कुणाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा, हा प्रश्न पंचांनाही सुटला नाही. ज्याच्याकडं आधी जाईल त्याची ती बहीण, दुसऱ्याची पाहुणी. म्हणून ती जाईनाच. पंचमीला आमच्या गल्लीतल्या बायका मुराळ्याबरोबर निघाल्या, की ही परसात भांडी घासायला बसायची. घासलेलीच पुन्हा घासायची. आमच्याकडच्या भांड्यांना तेव्हा जी चकाकी होती, ती नंतर कधी आली नाही.

वाटणीतून सुटली ती फक्त गाडी. तिचे दोन भाग होत नव्हते आणि एकानं दुसऱ्याला ती द्यावी असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. मग पंचांनी दिवस वाटले. एक दिवस केरबांचा, एक दिवस सर्जेरावांचा. केरबा तिच्यातून डोंगरावर खत नि काजू न्यायचे-आणायचे, सर्जेराव डांबरी रस्त्यानं दुधाचे कॅन गडहिंग्लजला पोचवायचे. हे सुरळीत चाललं होतं. मग टायर झिजले.

चारी एकदम झिजले, हा त्या टायरांचा दोष. दोन टायर तू आण, दोन तो आणील, असा निवाडा झाला. केरबांनी आपल्या कामाचे आणले: चिखलात नि दगडात चालणारे, ट्रॅक्टरसारखे बोटबोट उंचीचे दात असलेले. सर्जेरावांनी आपल्या कामाचे आणले: बारीक रेघांचे, डांबरावर मुकाट पळणारे. निदान दोन पुढं नि दोन मागं बसवले असते, तर मिस्त्रीला झोप लागली असती. पण पुढं कुणाचे? पुढं बसायचा मान थोरल्याचा, असं केरबांचं म्हणणं. गाडी रोज लांब पळवतो कोण, असं सर्जेरावांचं. शेवटी दोघांनाही कमीपणा येऊ नये म्हणून डाव्या अंगाची दोन्ही चाकं थोरल्याची आणि उजव्या अंगाची धाकट्याची, असं ठरलं. मिस्त्रीनं हात जोडले. डांबरावर ही गाडी एका अंगाला ओढंल, ओल्यात ब्रेक मारला तर फिरंल, असं त्यानं सांगून पाहिलं. त्याला उत्तर मिळालं, की चाकं बसव, न्याय करू नको.

तेव्हापासून गाडी उभी असतानासुद्धा धाकट्याकडं कलायची, कारण दातरी चाकं उंच. डांबरावर पळताना थोरल्याकडं ओढायची, कारण ते दात रस्ता धरून धरून चालायचे आणि वर बोंबलायचे. आणि रस्ता ओला असला की उलटं: दात नुसते घसरायचे, धाकट्याची चाकं तेवढी धरायची आणि ब्रेकसरशी गाडी उजवीकडं वळायची. चालताना थोरल्याकडं, ब्रेकला धाकट्याकडं. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, मी गाडीबद्दल बोलत नाही.

आता दोघं मुराळी एकदम का आले, तर चतुर्थीचा दिवस केरबांचा होता. ते एकटे आले असते तर शालन त्यांच्या दारात उतरली असती. हे सर्जेरावांनी ओळखलं आणि ते पहाटेच जाऊन गाडीत बसले. उतरायला सांगायचं तर बोलावं लागलं असतं. केरबांनी तशीच गाडी चालू केली.

शालननं विचारलं नाही, की कुणाच्या दारात. तिनं पिशवी भरायला इतका थोडा वेळ लावला, की ती तीन वर्षं भरलेलीच असावी असा मला संशय आहे. त्या दिवशी तिचा भावाचा उपवास होता. भाऊ दोन असले तरी उपवास एकच करायचा असतो. नाहीतर वाटणीनंतर तोही दोन वेळा करावा लागला असता.

पुढच्या बाकावर तिघं: उजवीकडं चालवायला केरबा, मधे शालन, डावीकडं सर्जेराव. जावई म्हणून मला मान होता, त्यामुळं मी मागच्या हौद्यात, ताडपत्रीखाली, दोन रिकाम्या दुधाच्या कॅनांमधे पोत्यावर. हौद्याला पुढं एक चौकोनी खिडकी होती, तिची काच वाटणीच्या आधीच फुटली होती. तिच्यातून मला तीन पाठी दिसत होत्या आणि मधल्या पाठीवरचा अंबाडा.

श्रावणातली भुरभुर चालू होती. रस्ता काळाकुळकुळीत, तेल चोपडल्यासारखा. केरबा सबंध वेळ चाक उजवीकडं रेटून धरत होते. सरळ रस्त्यावरसुद्धा त्यांचा दंड वळणावर असल्यासारखा ताणलेला. दातऱ्या चाकांची बोंब इतकी, की मोठ्यानं बोलल्याशिवाय पुढचं मागं ऐकू येत नव्हतं. पण पुढं कुणी बोलतच नव्हतं, त्यामुळं अडचण नव्हती.

शालन मात्र बोलत होती. दोघांशी आलटून पालटून. दादा, पाऊस कसा हाय? सर्जा, म्हस व्याली का? एकेका भावाला एकेक प्रश्न, कुणाला जास्त नाही नि कमी नाही. ताटात वाढावं तसं. उत्तरं तिला मिळत होती आणि तिच्या तोंडावरचं तेज मला तिच्या पाठीवरूनही कळत होतं. शालन आज असती तर म्हणाली असती, पाठीवरून कुठं तोंड दिसतं का, काहीतरीच लिहिता. दिसतं. चाळीस वर्षं एका बाईच्या मागून चाललं की दिसतं.

आजऱ्याच्या अलीकडं एक उतार आहे. खाली ओढ्यावर मोरी, मोरीच्या पुढं डावीकडून शेताची वाट येऊन मिळते. उताराला लागल्यावर शालननं विचारलं, “दादा, चिंचेला झोका बांधलाय का औंदा?”

केरबा तिच्याकडं वळून म्हणाले, “झाड माझ्याकडं हाय, शालू. झोक्याची फांदी तिकडं गेली.”

तेवढ्यात त्या शेताच्या वाटेनं वैरणीची बैलगाडी रस्त्यावर आली. हिरव्यागार गवताचा डोंगर नुसता, बैल दिसेचनात. केरबांनी ब्रेक दाबला.

गाडीनं उजवीकडं तोंड फिरवलं. थांबली नाही, फिरली. माझ्याकडचे दोन कॅन एका बाजूला गेले आणि त्यांच्यामागून मी. खिडकीतून मला रस्ता दिसायचा बंद झाला आणि ओढा दिसायला लागला. केरबांचा पाय ब्रेकवर आणखी दाबला गेला असणार, कारण गाडी आणखी वळली.

“दादा, ब्रेक सोड.”

सर्जेराव ओरडले नव्हते. म्हशीला हाक मारतात तशा सपाट आवाजात म्हणाले होते. “सोड ब्रेक. डावीकडं ओढंल ती. ओढू दे.”

केरबांनी ब्रेक सोडला. गाडी क्षणभर नुसती घसरली, मग दातऱ्या चाकांनी रस्ता धरला आणि रोजच्या खोडीनं डावीकडं ओढली. जी खोड एरवी गटारात नेते, तिनं आम्हाला ओढ्यापासून परत आणलं. बैलगाडीच्या मागून, गवताला घासत, रस्त्याकडेच्या मातीत उतरून गाडी उभी राहिली. वैरणवाल्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. बैलांनी पाहिलं.

चाकं थांबली तशी इतकी शांतता झाली, की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

“दादा,” शालन हळूच म्हणाली, “त्यानं तुला हाक मारली.”

“कुणी?”

“सर्जानं.”

“मी गाडीला बोललो,” सर्जेराव बाहेर बघत म्हणाले.

“गाडीला दादा म्हणतोस?” शालननं विचारलं.

केरबा खाली उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडं आले. सर्जेराव शालनच्या पुढून सरकत, गिअरच्या दांड्याला गुडघा आपटत चालवायला जाऊन बसले. एवढी मोठी अदलाबदल एका अक्षराशिवाय पार पडली. आमच्या कचेरीत याला तीन बैठका लागल्या असत्या.

मग मला खिडकीतून एक गोष्ट दिसली. सर्जेराव वळणाआधी ब्रेकवर पाय नुसता टेकवायचे, उचलायचे, पुन्हा टेकवायचे. ओल्या डांबरावर त्या गाडीला तसंच थांबवावं लागत असे. आणि डावीकडं बसलेल्या केरबांचा पाय, समोर ब्रेक नसताना, रिकाम्या पत्र्यावर तसाच टेकत होता नि उचलला जात होता. त्याच ठेक्यात. वळण आलं की दोघांचे उजवे खांदे एकदम ताठ व्हायचे. जगात कुणालाही ती गाडी चालवता आली नसती. तिची खोड दोघांनाच ठाऊक होती. शालन मान खाली घालून बसली होती. मला वाटलं घेरी आली की काय, उपाशी बाई. नंतर कळलं, ती त्या दोन पायांकडं बघत होती.

गावात शिरलो. चौगल्यांचं अंगण आलं. मधे भिंत, भिंतीच्या टोकाशी गाडीची जागा. गाडी तिथं उभी केली, की तिचं डावं दार केरबांच्या अंगणात उघडायचं आणि उजवं सर्जेरावांच्या. डावीकडं पार्वतीवहिनी भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या, ओवाळून टाकायला. उजवीकडं मंगलवहिनी, तसाच तुकडा, तसाच तांब्या. दोघी तीन वर्षं वाट बघत असाव्यात अशा उभ्या होत्या. आणि दोघी एकमेकींकडं न बघता.

केरबा उतरले आणि दार उघडं धरून उभे राहिले. सर्जेराव उतरले आणि दार उघडं धरून उभे राहिले. शालन मधे.

मी हौद्यातून उतरत होतो, तो तसाच थांबलो. या क्षणासाठी तिनं तीन पंचम्या भांडी घासली होती. कुठल्याही दारानं पाय खाली टाकला, तर एक भाऊ जाणार. नाही टाकला, तर दोघं.

“शालू, उतर की,” केरबा म्हणाले.

“आक्का, ये,” सर्जेराव म्हणाले.

शालननं पिशवी खिडकीतून मागं माझ्याकडं ढकलली. मग बाकावर गुडघे टेकून वळली, त्या फुटक्या काचेच्या चौकोनातून आधी डोकं घातलं, मग खांदे, आणि पन्नाशीच्या जवळ आलेली माझी बायको माझ्या देखत त्या खिडकीतून हौद्यात आली. मी हात दिला. अंबाडा सुटला, लुगड्याला ग्रीस लागलं. ती हौद्याच्या मागच्या फळीवर जाऊन पाय खाली सोडून बसली.

“मी न्हाई उतरत,” ती म्हणाली. “घर वाटलं, अंगण वाटलं. ही गाडी अजून दोघांची हाय. माझं माहेर एवढंच उरलंय. मी हितंच आले.”

तिचा आवाज चढला नव्हता. पार्वतीवहिनी पहिल्यांदा हलल्या. त्या मागच्या बाजूला आल्या, तुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. मग मंगलवहिनी आल्या. शालनच्या एका पायावर एकीचं पाणी पडलं, दुसऱ्यावर दुसरीचं. दोन घरांतून साबुदाण्याच्या दोन ताटल्या आल्या. एकीत मिरची जास्त, एकीत मीठच नाही. शालननं दोन्ही एका ताटलीत कालवल्या आणि सगळ्यांसमोर बसून खाल्ल्या. मला विचारलं नाही. जावयाचा मान त्या दिवशी रजेवर होता.

दोघं भाऊ आपापल्या बाजूच्या चाकाशी उभे होते. जावं तर बहीण दुसऱ्याच्या बाजूला राहील, थांबावं तर दुसऱ्याशेजारी थांबावं लागतंय.

शेवटी केरबांनी विचारलं, औंदा साडीचोळी कसली पाहिजे. सर्जेरावांनी लगेच पलीकडून सांगितलं, की साडी त्यांची.

“साडी नको,” शालन म्हणाली. “ह्या गाडीला चारी चाकं एकासारखी घाला. दोघं भाऊ एकदम ओढ्यात गेल्यावर मी उपास कुणासाठी करायचा?”

केरबा घसा साफ करून माझ्याकडं वळले. “दाजी, त्यांस्नी सांगा, एकासारखी म्हंजे दातरी. डोंगराला दुसरी चालत न्हाईत.”

मी तोंड उघडलं. शालननं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ह्यांना नका सांगू,” ती म्हणाली. “ह्यांना आजकाल ऐकू कमी यायलंय.”

मी तत्काळ बहिरा झालो. संसारात हे जमावं लागतं.

केरबा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मी प्रेमानं त्यांच्याकडं बघत राहिलो. मग सर्जेराव आपल्या चाकाला म्हणाले, “डांबरावर दातरी चाकं घालून माणसं मारायची हायत काय?”

केरबा आपल्या चाकाला म्हणाले, “डोंगरात गाडी रुतली की मग दूध घालणार काय तिला?”

“डोंगरात जायचं किती, रोज दूध न्यायचं किती?”

“तू कवा चढलायस डोंगर?” आता केरबा चाकाशी बोलत नव्हते. “काजूच्या दिसांत एकदा तरी आलास वर?”

“तू बोलावलंस?”

“बोलावणं धाडायचं काय भावाला?”

“भिंत घालताना तरी भाऊ म्हटलास?”

आणि मग सुटलं. टायरांवरून भिंत, भिंतीवरून विहीर, विहिरीवरून चिंचेची फांदी, फांदीवरून कुणा मामाच्या लग्नात कोण कुणाला न जेवता सोडून आला ते. तीन वर्षांचं साठलेलं दोघं समोरासमोर, गाडीच्या पुढच्या बाजूला येऊन, हात करकरून एकमेकांच्या तोंडावर टाकत होते. तू, तुझं, तुला. दोन्ही वहिन्या दारात आल्या. गल्लीतली चार माणसं जमली. मला वाटलं आता हातघाईवर येतात, म्हणून मी बहिरेपण सोडून उठायला लागलो.

“बसा,” शालन म्हणाली. “भांडू द्या त्यांना.”

मी म्हटलं, अगं, उद्या सण.

“आई मला दोघांच्या मधी निजवायची,” ती म्हणाली. “आणि हे असेच भांडत असायचे, माझ्या डोक्यावरनं. त्यातच मला झोप लागायची. तुम्हाला न्हाई कळायचं.”

ती बसल्या जागी मागं कलंडली. पोत्यावर डोकं टेकलं, पाय तसेच बाहेर लोंबत होते. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर तिचा डोळा लागला होता. तोंड किंचित उघडं, अंबाडा सुटलेला, गालाला ग्रीस. तीन वर्षं आमच्या घरी मी तिला इतकी गाढ झोपलेली पाहिली नव्हती. नंतरही क्वचितच पाहिली, आणि आता पाहायचा प्रश्नच उरला नाही.

भुरभुर पुन्हा सुरू झाली. मी ताडपत्री तिच्या पायांवर ओढली.

केरबांचं लक्ष गेलं. बोलता बोलता ते थांबले. सर्जेरावांनी वळून पाहिलं, तेही थांबले. दोघंही मागं आले आणि आपापल्या बाजूनं हौद्यात डोकावले. मला वाटलं, संपलं.

मग केरबा अगदी खालच्या आवाजात, दातांतल्या दातांत म्हणाले, “पर डोंगराला दातरीच लागत्यात.”

“हळू बोल की,” सर्जेराव कुजबुजले. “आन् मी म्हणतो, न्हाई लागत.”

आणि ते दोघं तिथंच, बहिणीच्या दोन अंगांना उभे राहून, ती जागी होऊ नये म्हणून कुजबुजत, पार दिवस कलेपर्यंत भांडत राहिले.